रडू न येण्याची लेखी तक्रार

माझ्याकडे आजवर आलेली सगळ्यांत अवघड तक्रार लेखी होती. फुलस्केप कागद, वर विषय, खाली सही, आणि सोबत डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला जोडलेला. विषय असा: 'आपण बसवून दिलेल्या ध्वनियंत्रणेवर गाणी ऐकताना रडू न येणेबाबत.'

तिच्याकडे येण्याआधी धंदा थोडा समजावून सांगतो, नाहीतर माझी काय पंचाईत झाली ते कळायचं नाही.

जळगावात माझं छोटं दुकान आहे. अब्बा तांब्याची तार गुंडाळून ट्रान्सफॉर्मर बनवायचे, मी अॅम्प्लिफायर आणि स्पीकरचे खोके बनवायला लागलो. आता वय झालं, आठवड्यातून तीनच दिवस उघडतो. लग्नाची, मिरवणुकीची कामं कधी घेतली नाहीत. घरात स्वस्थ बसून गाणं ऐकणारी जी काही थोडी माणसं असतात, ती माझी गिऱ्हाइकं. त्यांच्या घरी जायचं, खोली बघायची, स्पीकर बसवायचे आणि आवाज जुळवून द्यायचा.

चांगल्या यंत्रणेची व्याख्या सोपी आहे. रेकॉर्डिंगमध्ये जे आहे ते तसंच बाहेर यावं. हे तपासायला एक खास माइक असतो. तो लॅपटॉपला जोडायचा आणि स्पीकरमधून खालच्या घुमाऱ्यापासून वरच्या शिट्टीपर्यंत एक लांबलचक आवाज सोडायचा. पडद्यावर रेघ उमटते. सगळं बरोबर असेल तर रेघ सपाट. कुठं टेकडी दिसली तर तिथला आवाज जास्त येतोय, खड्डा दिसला तर कमी. गंमत म्हणजे निम्म्या टेकड्या स्पीकरच्या नसतात, खोलीच्या असतात. कोपऱ्यात बेस साचतो. उघड्या भिंतीवर ट्रेबल आपटून परत येतो. म्हणून आम्ही कोपरे भरतो, भिंती झाकतो, खुर्ची पुढे-मागे सरकवतो. रेघ सपाट झाली की माझं काम झालं, असं मी पस्तीस वर्षं समजत होतो.

गिऱ्हाईक तसं समजेलच असं नाही. जळगावच्या एका सराफांनी माझे स्पीकर ऐकलेच नाहीत. दोन जोड्या दुकानातल्या मोठ्या काट्यावर ठेवल्या आणि म्हणाले, "जड असलेली द्या." तेव्हापासून मी खोक्याच्या तळाशी वाळू भरायला लागलो. वाळूनं खोका थरथरत नाही, आवाज सुधारतो, हे शंभर टक्के खरं. पण मी ती त्या कारणासाठी भरत नव्हतो, हेही तितकंच खरं.

शिरपूरच्या एका कापूस व्यापाऱ्याचा आठ दिवसांत फोन आला. "हमीदभाऊ, आवाज फार स्वच्छ झालाय. गाणारीचा श्वास ऐकू येतो. पाहुणे विचारतात, घरात दमा कोणाला आहे?" मी गेलो आणि वरच्या छोट्या स्पीकरवर जुन्या धोतराची दुहेरी घडी लावून आलो. रेघ बिघडली. व्यापारी खूश झाला. मी मात्र बसमध्ये बसून शिरपूर ते धुळे त्याच्यावर मनातल्या मनात हसत आलो. त्या हसण्याची आता थोडी लाज वाटते.

मुरलीधर आबांच्या बाबतीत असं हसायची सोयच नव्हती, कारण आबांना सपाट रेघच हवी होती.

आबा पाइपाच्या एका कारखान्यात माल तपासायचे. पाइपाची जाडी केसभर कमी-जास्त असली तरी तो बाजूला काढायचा, हे तीस वर्षांचं काम. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा ते गाण्यांकडे वळले. माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते खिशात व्हर्निअर कॅलिपर घेऊन. मी बनवलेल्या खोक्याचे चारही कोपरे मोजले आणि म्हणाले, "एक कोपरा किंचित मारलेला आहे. पण तुम्ही माणूस प्रामाणिक दिसता."

त्या भरात मी म्हणून गेलो, "आबा, असं बसवून देतो की ऐकताना डोळ्यांत पाणी येईल."

हे वाक्य मी आयुष्यात शेकडो गिऱ्हाइकांना म्हटलंय. कोणीही ते मनावर घेतलं नव्हतं. आबांनी वहीत लिहून घेतलं.

त्यांच्या घराला लागून गाडीची शेड होती. पुढं शटर, मागं घरात उघडणारं दार. गाडी बाहेर उन्हात गेली आणि शेडची ऐकण्याची खोली झाली. चार कोपऱ्यांत कापसाच्या गाठी छतापर्यंत रचल्या, बेस शोषायला कापसासारखं दुसरं काही नाही. मागच्या भिंतीवर आवाज विखुरण्यासाठी वेगवेगळ्या जाडीच्या पाइपांचे अर्धे काप लावले. खुर्ची आबांनी बोल्ट मारून जमिनीत पक्की केली. डोकं नेमकं कुठं हवं ते मी माइकनं ठरवून दिलं, तर त्या जागी त्यांनी छतावरून गवंड्याचा ओळंबा सोडला. त्याचं टोक टाळूला टेकलं की डोकं बरोबर जागेवर.

त्यांच्या पत्नी, सुमनअक्का, दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "लोकांकडं सोफा असतो. आमच्याकडं कापसाची जिनिंग."

मी शेवटची रेघ काढली. इतकी सपाट की माइक बंद राहिला की काय, अशी शंका आली. पुन्हा काढली, तरी तशीच. आबांनी माझा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. पस्तीस वर्षांत इतकं चोख काम माझ्या हातून झालं नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

दीड महिन्यानं ते तक्रार घेऊन दुकानात आले.

मी दोनदा वाचली. "आबा, ही थट्टा आहे का?"

"थट्टा कशाला? तुम्ही काय म्हणाला होता? डोळ्यांत पाणी येईल. आलं नाही." त्यांनी वही उघडली. एकेक गाणं, त्यापुढं आवाज किती ठेवला ते, आणि शेवटच्या रकान्यात 'परिणाम'. पानामागून पान 'परिणाम : नाही.'

"पण त्याला यंत्रणा काय करणार? माणसाला कधी रडू येतं, कधी नाही."

"तेही तपासलं." त्यांनी दाखला पुढं केला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन त्यांनी पापणीखाली कागदाची पट्टी लावून घेतली होती. अशी एक तपासणी असते म्हणे. दाखल्यावर लिहिलं होतं की दोन्ही डोळ्यांत अश्रू योग्य प्रमाणात तयार होतात. "म्हणजे माझ्याकडून काही कमी नाही. दोष तुमच्या बाजूला आहे. वॉरंटीत बसतं का सांगा."

त्यांचा चेहरा पूर्ण गंभीर होता. मी म्हणालो, "बसतं." दुसरं काय म्हणणार?

मग मी रोज दुपारी त्यांच्याकडे जायला लागलो. माझा तर्क असा होता: जुन्या रेडिओंचा आवाज ऊबदार का वाटतो? कारण तो चुकीचा असतो. बेस जरा फुगलेला, ट्रेबल दबलेला. म्हणून मी सपाट रेघेत हळूहळू चुका घालायला लागलो. एक गाठ काढली, खाली थोडी टेकडी आणली. आबा ओळंब्याखाली बसले. एक जुनं भावगीत आहे, होडीचं, ते त्यांच्या अतिशय आवडीचं. मीसुद्धा स्पीकर तपासायला वीस वर्षं तेच वाजवत आलोय. ते लावलं. संपलं. आबांनी बोटानं खालची पापणी चाचपून बघितली. "नाही."

दुसऱ्या दिवशी ट्रेबल उतरवला. "नाही." तिसऱ्या दिवशी मुद्दाम थोडी खरखर मिसळली. "खरखर ऐकू आली. बाकी नाही."

अक्का म्हणाल्या, "कांदा चिरून देऊ का?"

"कांद्याचं रडू गाण्याचं धरता येत नाही," आबा म्हणाले. हे त्यांनी चिडून म्हटलं नाही. नीट समजावून सांगितलं.

एकदा तर असं झालं की जुळवाजुळव करता करता माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. अब्बा कामाला बसल्यावर त्यांच्या दातात तांब्याची तार धरलेली असायची, ते एकदम डोळ्यांसमोर आलं. आबांनी लगेच वहीत लिहिलं, 'हमीदभाऊ : होय.' मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू जेवणाच्या पंगतीत शेजाऱ्याला वाढलं आणि आपलं पान राहिलं.

त्या दिवशी निघताना अक्कांनी मला स्वयंपाकघरात चहाला थांबवलं. आबा बाहेर शटरला तेल घालत होते.

"हमीदभाऊ, हे खूळ गाण्याचं नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आठ महिन्यांपूर्वी यांचे दादा गेले. भडगावला. दादांनीच यांना वाढवलेलं, सायकलचं दुकान चालवून शिकवलं. आम्ही गेलो. सगळं घर रडत होतं आणि हे टेप काढून तिरडीचे बांबू मोजत होते. एक बांबू बोटभर आखूड आहे म्हणाले. दुसरा आणायला लावला."

"मग?"

"मग काय, दहाव्यालाही नाही, तेराव्यालाही नाही. भडगावची माणसं तोंडावर बोलली, मुरलीला काही वाटलंच नाही. हे ऐकून घेऊन आले आणि त्याच आठवड्यात तुमच्या दुकानात गेले."

चहा मला गोड लागला की अगोड, आठवत नाही. एका मेलेल्या माणसासाठीचं रडणं मी वॉरंटीत घेऊन बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी आबांना दादांबद्दल काही विचारलं नाही. मला धीर झाला नाही. मी कारागिराला सुचेल तेच विचारलं. "आबा, गाणं ऐकून शेवटचं रडू कधी आलं होतं? आणि कोणत्या सेटवर?"

त्यांनी फार विचार केला नाही. "आठ-नऊ वर्षांचा असताना. हेच होडीचं गाणं. शेजारच्या दौलतअण्णांचा रेडिओ होता. लाकडी, मोठा." दौलतअण्णांचं कुटुंब पुढं धुळ्याला गेलं होतं, आणि त्यांच्या मुलाची, भिकानानाची, तिथं पिठाची गिरणी होती.

मला एकदम हुरूप आला. तो रेडिओ सापडला, त्याची रेघ काढली आणि जशीच्या तशी आबांच्या यंत्रणेत उतरवली, तर तोच आवाज परत येईल. बिघाड कसाही असो, तो अचूक उतरवणं मला जमण्यासारखं होतं. लॅपटॉप आणि माइक घेऊन आम्ही दोघं धुळ्याच्या बसमध्ये बसलो.

भिकानाना गिरणीतच भेटले. पंचाहत्तरीचा माणूस, भुवयांपासून पावलांपर्यंत पिठानं पांढरा. रेडिओ होता. गिरणीतच फळीवर, पिठाच्या थराखाली, आणि आश्चर्य म्हणजे चालू होता. आबांनी त्याच्यावर हात ठेवला आणि ठेवूनच राहिले.

मी भिकानानांना म्हणालो, "नाना, दहा मिनिटं गिरणी बंद ठेवावी लागेल. याचा आवाज मोजायचाय."

"काब्र? ते तं वाजस ना. मंग आखो काय जोयजे?"

वाजतोय ना, मग आणखी काय पाहिजे, हा त्यांचा अहिराणी सवाल बिनतोड होता. पण आबांकडे बघून त्यांनी गिरणी बंद केली. दळणाचे डबे घेऊन सात-आठ बायका रांगेत होत्या. माइक रेडिओसमोर उभा केला, लॅपटॉपची वायर त्याच्या मागच्या बाजूला जोडली आणि सगळ्यांना श्वाससुद्धा हळू घ्यायला सांगितला. रेडिओतून तो घुमाऱ्यापासून शिट्टीपर्यंतचा आवाज निघाला. निम्म्यात एक बाई शिंकली. पुन्हा सुरुवात. मग बाहेरून भाजीची गाडी ओरडत गेली. पुन्हा सुरुवात. चौथ्या वेळेला एका आजीबाईंनी शेजारणीला कुजबुजत विचारलं, "बीपी मोजी ऱ्हायनात का रेडिओनं?" आणि रेडिओचं बीपी म्हटल्यावर सगळी रांग हसत सुटली. मला पाचव्यांदा रेघ मिळाली. सातपुड्याची रांग परवडली, अशी ती रेघ होती. एवढे डोंगर आणि एवढे खड्डे मी एका यंत्रात कधी पाहिले नव्हते. मी अतिशय आनंदानं ती जपून ठेवली.

भिकानाना हे सगळं बघत होते. गिरणी सुरू करायच्या आधी म्हणाले, "मुरली, तू आनि तुन्हा दादा, तुम्ही दोन्ही भाऊ भितले कान लाईसन बसेत. आठवस का?"

आबांचा चेहरा उतरला. "भिंतीला कान लावून बसायचो ते तुला माहीत होतं?"

"बठ्ठास्ले माहीत व्हतं. मन्हा बाप मुद्दाम आवाज मोठा करे. पोरं ऐकी ऱ्हायनात म्हने."

परतीच्या बसमध्ये आबा पारोळ्यापर्यंत लॅपटॉपवरची रेघच बघत बसले. मग म्हणाले, "आमच्याकडे रेडिओ नव्हता. दौलतअण्णांच्या घरात जायचं आईला आवडायचं नाही. मधली भिंत मातीची होती, आम्ही अलीकडं बसायचो. आम्हाला वाटायचं, आपण चोरून ऐकतो. आणि ते सगळ्यांना माहीत होतं." आणि थोड्या वेळानं, तपासनिसाच्या आवाजात, "म्हणजे आज मोजलं ते अपुरं आहे. भिंत राहिली."

मी समजावून पाहिलं. भिंतच हवी असेल तर घरात बसा, शेडमध्ये गाणं लावतो. आबा म्हणाले, "ही सिमेंटची. ती मातीची होती, दीड हात जाडीची." आठ दिवसांत गवंडी आला. गिरणाकाठची माती ट्रॉलीनं आली, भुसा मिसळून विटा पाडल्या गेल्या. खुर्चीचे बोल्ट काढले, ओळंबा उतरवला आणि खोलीच्या बरोबर मधोमध, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मातीची भिंत चढायला लागली. शटरच्या बाजूला स्पीकर, घराच्या बाजूला ऐकणारा.

गवंड्यानं विचारलं, "दार कोठे ठेवू?"

"दार नाही," आबा म्हणाले.

गवंड्यानं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. सपाट रेघेसाठी मी जे जे केलं होतं, त्या सगळ्यावर दीड हात माती चढत होती आणि तिच्यावर देखरेख मीच करत होतो. अक्का शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "लोक आवाज अडवायला भिंत घालतात. आमच्याकडं आवाज आणायला घालताहेत."

भिंत वाळायला तीन आठवडे गेले. तेवढ्यात मी धुळ्याची रेघ यंत्रणेत उतरवून ठेवली. मग एका दुपारी आम्ही दोघं भिंतीच्या अलीकडे चटई टाकून बसलो. ओल्या मातीचा वास अजून होता. मी मोबाइलवरून होडीचं गाणं लावलं.

भिंतीचं असं असतं की ती बेस जाऊ देते आणि ट्रेबल अडवते, आणि शब्द बहुतेक सगळे ट्रेबलच्या बाजूला असतात. त्यामुळे आमच्यापर्यंत नुसतं धप धप आणि एक लांबचं गुणगुणणं पोचत होतं. आबा डोळे मिटून बसले होते. गाणं संपलं. त्यांनी पापणीला हात लावला नाही. नुसती मान हलवली.

"हे बरोबर नाही, हमीदभाऊ."

आता मात्र माझा तोल गेला. "आबा, तोच रेडिओ, तीच माती, दीड हातच भिंत! आता काय राहिलं?"

"तुमचं काही चुकलं नाही. मला असं ऐकूच यायचं नाही." ते अडखळत बोलत होते. "भिंतीत एका जागी पोपडा निघाला होता. तिथं माती पातळ होती. तिथं एकच कान मावायचा. दादाचा. तो ऐकायचा आणि मला सांगायचा."

"गाऊन?"

"छे. त्याला कुठलं गाता यायला? असंच. बातमी सांगतात तसं."

मी मोबाइल खाली ठेवला. मग विचारलं, "म्हणजे त्या वेळी तुम्ही हे गाणं ऐकलंच नव्हतं?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तसं पाहिलं तर, नाही. ऐकलं ते पुढं, जळगावला आल्यावर. तेव्हा रडलो नाही."

मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि अक्कांकडून स्टीलचा एक पेला मागून आणला. का आणला, ते नीट सांगता येणार नाही. परत येऊन गुडघ्यांवर बसलो, पेल्याचं तोंड भिंतीला लावलं, बुडाला कान लावला आणि गाणं पुन्हा सुरू केलं. आयुष्यभर मी गाणं आणि ऐकणारा यांच्यामधलं जे जे काही असेल ते काढत आलो होतो. आता मीच मध्ये बसलो होतो, बिडीनं घोगरा झालेला आवाज घेऊन.

"काय म्हणतोय?" आबांनी विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

"म्हणतोय... संध्याकाळ झाली."

"मग?"

मी कान आणखी दाबला. हे गाणं मला तोंडपाठ आहे. वीस वर्षांत किती वेळा वाजवलं त्याला गणती नाही. पण मातीतून जे येत होतं ते वेगळंच येत होतं, आणि जे येईल तेच सांगायचं, एवढंच मला करता येतं.

"मग... कढी निघाली म्हणतोय."

"काय?"

"कढी. पैलतीराला."

आबांनी माझा खांदा धरला. "दादापण कढीच म्हणायचा! मी म्हणायचो, कढी कशी जाईल रे दादा? तर म्हणायचा, गप, त्यांच्याकडं जात असेल!" आणि ते हसायला लागले. मी त्यांच्याकडे इतके महिने येत होतो, पण त्यांचे वरचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. हसता हसताच मला ढोसून म्हणाले, "पुढं? पुढं काय म्हणतोय?"

"आता नुसतंच वाजतंय. थांबा."

"थांबतो."

ते खरंच थांबले, माझ्या तोंडाकडे बघत. मी एकेक ओळ सांगत गेलो. अर्ध्या ओळी कळत नव्हत्या, त्या कळत नाहीत म्हणून सांगितलं. ते दर वेळी "बरं" म्हणायचे. शेवटी पलीकडचं धप धप बंद झालं. मी कान तसाच ठेवला.

"संपलं?" आबांनी विचारलं.

"संपलं," मी म्हणालो.

आधी मला वाटलं, ते पुन्हा हसताहेत. मग भिंतीवर दोन्ही हात टेकून ते मोठ्यानं रडायला लागले. कण्हत, मध्येच श्वास अडकून, लहान पोर रडतं तसं. मी पस्तीस वर्षं आवाज मोजतोय, पण तो आवाज मोजायचं माझ्या मनातही आलं नाही. मला तर हात कुठं ठेवावेत तेही कळेना.

अक्का पिठाच्या हातानं धावत आल्या. "काय झालं हो? काय झालं?"

आबांनी त्यांच्याकडे तोंड वळवलं. "सुमन, दादा गेला," ते म्हणाले.

अक्कांनी, दादांना जाऊन दहा महिने होत आले, असं काही म्हटलं नाही. हातांवरचं पीठ झटकलं. मग तिथंच चटईवर त्यांच्याजवळ बसल्या, पदर तोंडाला लावला आणि रडू लागल्या. नुकतीच बातमी आल्यावर बाई बसते तशा. आवाज ऐकून शेजारचे आले. कोण गेलं विचारलं. दादा गेले, असं मी सांगितलं. माझ्याही तोंडून तसंच गेलं. कोणी म्हणालं, अरे, कधी? कोणी त्याला गप्प केलं. हळूहळू माणसं चपला बाहेर काढून भिंतीकडे पाठ करून ओळीनं बसली. आबा ज्याला त्याला दादाच्या गोष्टी सांगत होते. सायकलचं पंक्चर काढताना तो शीळ कशी घालायचा, परीक्षेला सोडायला भडगावहून सायकलवर डबल सीट कसा आला होता.

त्या संध्याकाळी आबांच्या घरी चूल पेटली नाही. शेजारणीनं खिचडीचं पातेलं पाठवलं, दुसऱ्या घरून भाकरी आल्या. अक्कांनी पहिलं ताट आबांना दिलं, दुसरं मला. मी नको नको म्हणत होतो, तर त्या म्हणाल्या, "बसा हमीदभाऊ, दुःखाच्या घरून उपाशी जाऊ नये." मग मी बसलो, आणि आबांच्या शेजारी खाली मान घालून जेवलो.